पुलापलीकडचं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल. माझा सध्याचा मुक्काम न्यूयॉर्क राज्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या लोखंडी कपाटात आहे. गळ्यात चिठ्ठी, नळीत प्लास्टिकची दोरी. इथे उजेड येत नाही आणि मला तेल द्यायलाही कुणी येत नाही. तुम्ही मला भलतासलता समजू नका हं! मी आयुष्यात एकाही माणसावर रोखला गेलो नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी वाढलो व्हर्माँटच्या डोंगरात, अर्मां तिबो नावाच्या गवळ्याच्या घरी. रविवारी प्रार्थनेहून आला की तो मला पुसायचा, तेल द्यायचा, आणि लेकीला सांगायचा, "व्हर्ना, हे वापरावं लागू नये म्हणून देवाला सांग. आणि लागलंच, तर हात थरथरू देऊ नकोस."

अर्मां गेला आणि मी बरीच वर्षं मोज्यांच्या खणात पडून राहिलो. मग व्हर्ना गुराढोरांची डॉक्टर झाली आणि माझे दिवस पालटले. पाय मोडलेला बैल शांत मरणाची सुईही टोचू देत नाही, तडफडत राहतो. तेव्हा माझी पाळी यायची. ती मला कोटाच्या आत, बरगडीशी लपवून न्यायची, कारण गोठ्यात पोरंटोरं असायची. "त्यांनी आधी गाईचा निरोप घ्यावा, ही वस्तू बघू नये," असं ती म्हणायची. आमच्या गावात ते लपवणं म्हणजे रीतभात होती.

आता घोळ ऐका. व्हर्माँटमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागतच नाही, म्हणून तिथे तो कुणाला मिळतही नाही. व्हर्नानं शेजारच्या न्यू हॅम्पशायरकडे अर्ज केला, त्यांनी परक्या माणसालाही आनंदानं कागद दिला. पण आमच्याकडच्या तळ्यावरचा पूल ओलांडला की न्यूयॉर्क. तिथल्या कचेरीतल्या बाईनं तिला वाटेला लावलं, "तुम्ही इथे राहत नाही, इथे तुमचं दुकान नाही. अर्ज कशाच्या जोरावर करता?" गंमत बघा, जनावरं तपासायचा परवाना तिच्याकडे दोन्ही राज्यांचा होता! तेव्हापासून पुलापलीकडे जाताना ती मला घरी कुलपात ठेवायची.

त्या दिवशी मात्र ती एका गोठ्यातून परतत होती आणि मी कोटातच होतो. फोन वाजला. पलीकडच्या लॉबडेल आजी रडत होत्या. "व्हर्ना, अगं धाव! घोडा नेत होतो ती गाडी उलटलीय. माझा जेरिको आत अडकलाय, किंचाळतोय गं!"

पुलाच्या मध्यावर व्हर्नाचा हात बरगडीशी गेला आणि मी कोटातच आहे हे तिच्या ध्यानात आलं. पुलावर गाडी वळवता येत नाही. पलीकडे उतरून वळता आलं असतं, घरी जाऊन मला ठेवता आलं असतं. पण फोन चालूच होता, आणि त्यातून जेरिकोचं ओरडणं ऐकू येत होतं.

"मेले मी," ती पुटपुटली आणि तिनं गाडी तशीच पुढे दामटली.

घोडा लाथा झाडत होता, सुई टोचायची सोय नव्हती. रस्त्यावर कर्बी नावाचा पोलीस उभा होता. बघ्यांची ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन. व्हर्नानं कोटाची बटणं उघडली. कर्बीनं मला पाहिलं आणि बघ्यांना मागे सारलं. माझा एकच आवाज झाला. मग सगळं शांत. आजी तिच्या गळ्यात पडल्या.

"डॉक्टरीणबाई," कर्बी हळूच म्हणाला, "ते खाली ठेवा. परवाना?"

"मी व्हर्माँटची आहे, साहेब."

"मग व्हर्माँटचा दाखवा."

"आमच्याकडे परवाना नसतो."

"म्हणजे तुमच्याकडे नाही."

"अहो, कुणाकडेच नसतो! हा घ्या, न्यू हॅम्पशायरचा आहे."

कर्बीनं कपाळाला हात लावला. "बाई, राहता व्हर्माँटला, कागद न्यू हॅम्पशायरचा, आणि उभ्या न्यूयॉर्कात. एवढे लोक बघतायत, मी डोळेझाक तरी कशी करू?"

तिला बेड्या पडल्या आणि मी या कपाटात आलो. गुन्हा साधासुधा नव्हता. तुरुंग झाला असता, डॉक्टरकी दोन्हीकडची गेली असती. शेवटी सरकारी वकिलानं एक वाट काढली, पिस्तूल वितळवायला देते अशी सही करा, खटला मागे घेतो. आणि ही वेडी नाही म्हणाली! "बाबांचं आहे ते, मी देणार नाही." हिवाळा गेला, पण ही आपली हटूनच बसली. अगं, सही कर ना! मी इथे अंधारात कोंडलेला, आणि जामिनावर सुटूनही माझ्यापायी ती तिथे कोर्टाच्या खेपांत अडकलेली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

आज कपाट उघडलं. समोर व्हर्ना होती, बाजूला कर्बी.

"हात लावू का?"

"नाही लावता येणार, डॉक्टर. नुसतं बघा."

तिनं बघितलं. डोळे भरून आले, पण हसली. "बाबा असते तर खेकसले असते, अगं लोखंड आहे ते!"

तिनं सही केली. तेवढ्यात फोन आला, कुणाची तरी गाय अडली होती. "वासरू ओढू नका, मी पोहोचतेच!" म्हणत ती धावत सुटली. मागे वळूनही पाहिलं नाही. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

उद्या मला भट्टीत घालतील. मित्रांनो, मागणं एकच. वस्तूंना जरूर जपा, जीवही लावा. पण एखाद्या वस्तूपायी कुणाचे हात अडकून पडत असतील, तर ती वस्तू सोडून द्या. त्या हातांकडे डोळे लावून एखादी गाय गोठ्यात उभी असेल.