सुताराचा भुसा

मागच्या पाडव्याला मी संकल्प केला होता, वर्षभर परान्न घ्यायचं नाही. हे जहाजावर इंजिनिअर. त्यांचं जहाज एडनच्या आखातातून जायचं आणि त्या वर्षी चाच्यांच्या बातम्या रोज यायच्या. इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बसून मी दुसरं काय करणार? पण वर्ष नीट सरत आलं. पाडव्याला आठवडा उरला होता, तेव्हा समोरच्या दारातली अगाता आली.

"कुमुद, सोमवारी जेवायला येशील? तू, तुझी ईशा आणि खालचे लिम अंकल. तिघंच हवेत."

मागच्या मार्चमध्ये तिचा नवरा एन्रिको हॉस्पिटलात होता, तेव्हा ती संत जोसेफला नवस बोलली होती. नवरा घरी आला तर पुढच्या एकोणीस मार्चला, त्या संताच्या दिवशी, गावच्या रीतीने टेबल मांडायचं. एक म्हातारा, एक बाई, एक मूल, अशा परक्या तिघांना जोसेफ, मेरी आणि बाळ येशू समजून स्वतः रांधलेलं वाढायचं. त्यांनी सगळं चाखल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही.

मागून एन्रिको म्हणाला, "ही रीत इटलीची नाही हं, सिसिलीची. आमच्या उत्तरेला, तोरिनोत असलं काही नसतं."

"मागच्या वर्षी इटली एक झाल्याला दीडशे वर्षं झाली म्हणून बाल्कनीत झेंडा कुणी लावला होता? आणि दोन दिवसांनी छातीत कळ आल्यावर कोण धावलं? माझा संत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी मी सिसिलीची. इथे राहायच्या पासवर लिहिलं तेव्हा कुठे इटालियन झाले."

मी हसले. मलाही इथे येईपर्यंत कुणी इंडियन आंटी म्हटलं नव्हतं. पण यायला मात्र नाही म्हटलं. माझं व्रत सांगितलं. ह्यांचं जहाज त्याच आठवड्यात पुन्हा आखातातून जाणार होतं.

तिने जरासुद्धा आग्रह केला नाही. "नवस म्हणजे नवस. मी दुसरी बाई शोधते."

रविवारी पुन्हा आली. दुसरी बाई मिळाली नव्हती. कुणाला मीटिंग, कुणी हसण्यावारी नेलं.

मी म्हटलं, "मला नाही गं जमणार."

"नुसती येऊन बस. संत्रं खा. फळ चालतं ना? संत समजून घेईल." पण तो समजून घेईल याची तिलाच खात्री दिसत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं तिच्या दारात उभे राहिलो. रीत अशी की आधी दार वाजवायचं आणि, आसरा शोधणाऱ्या जोसेफ-मेरीला मिळाला तसा, दोनदा नकार ऐकायचा. ईशाने वाजवलं. आतून अगाता म्हणाली, "जागा नाही."

पुन्हा वाजवलं. "जागा नाही."

"आई, व्हाय शी सो मीन लाह?" ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली. लिम अंकल खुदकन हसले. मला हसू येईना. मीही तिला दोनदा नाहीच म्हटलं होतं की.

तिसऱ्यांदा दार उघडलं. अगाता अनवाणी उभी होती. "या. घर तुमचंच आहे."

टेबलावर लिंबं, विणलेल्या वेणीसारखे पाव आणि मधोमध पास्ता होता. वर तळलेला पावाचा चुरा. "जोसेफ सुतार होता. हा त्याच्या करवतीचा भुसा," तिने ईशाला सांगितलं. मांस-मासळी नव्हतीच, माझ्यासाठी अंडंही घातलं नव्हतं. मी खाणार नाही हे ठाऊक असूनसुद्धा.

अंकल जेवू लागले. मी संत्रं सोलत होते. सकाळपासून उपाशी असलेली अगाता खुर्चीमागे हात जोडून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या भरल्या ताटाकडे बघत होती.

मी डोळे मिटले. महादेवा, दोष लागायचा तो मला लागू दे, ह्यांना नको. आणि काटा उचलला.

बडीशेपेचा वास होता. चुरा कुरकुरीत होता. एकेक करून सगळं चाखलं. मग अगाता खाली बसली आणि एन्रिकोने सगळ्यांत आधी तिच्या ताटात वाढलं.

पुढचे तीन दिवस मी देवाजवळून हलले नाही. गुरुवारी ह्यांचा फोन आला, जहाज आखातातून सुखरूप बाहेर पडलं होतं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"अगं वेडे, मी वर्षभर फिलिपिनो कुकच्या हातचं खातोय. ते काय आहे मग?"

शुक्रवारी पाडवा. गुढी उभारली, हातात पाणी घेतलं आणि नवा संकल्प केला: वर्षभर परान्न घेणार नाही, एकोणीस मार्च सोडून.