रंगाखालची उनाइसी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लाकडाची नाही, फायबरची. लगेच तोंड वाकडं करू नका. लाकडाच्या होड्यांचं कौतुक सगळे करतात, पण फिजीच्या बेटांवर शाळेची पोरं, लग्नाची डुकरं, आजारी म्हाताऱ्या आणि मेलेली माणसं वाहतो कोण? आम्हीच.

सुवा शहरात एका पत्र्याच्या शेडमध्ये मी झाले. दूरच्या बेटावरचा आपेनिसा नावाचा माणूस मला हप्त्यांवर घेणार होता. त्याला दम कुठला! सुवातच मुक्काम ठोकून रोज यायचा आणि उपड्या बादलीवर बसून मला बघायचा. एक दिवस कारागिराची पाठ वळली आणि यानं आत वाकून हात टेकवला. राळ अजून ओली होती. माझ्या टोकाच्या आतल्या बाजूला त्याची पाच बोटं कायमची उमटली.

कारागीर ओरडला, "अरे गाढवा! लग्नाआधीच हात लावतोस होय नवरीला?"

"नवरी नाही रे, आई आहे माझी," आपेनिसा म्हणाला. आणि आपल्या मेलेल्या आईचं नाव त्यानं मला दिलं. उनाइसी.

मग मी राबले. सोमवारी पोरांना पलीकडच्या बेटावरच्या शाळेत सोडायचं, शुक्रवारी आणायचं. मधल्या दिवसांत चटया, टारोचे कंद, गॅसच्या टाक्या. एकदा पाद्रीबाबांना नेलं, ते वाटभर ओकले आणि उतरल्यावर मलाच आशीर्वाद देऊन गेले. किनाऱ्यावर पोरं माझ्या नावानं ओरडायची. फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण आमच्याकडे एक शब्द आहे, केरेकेरे. नात्यातल्या माणसानं तो म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. मागणाऱ्याला लाज नसते, नाही म्हणणाऱ्याला असते.

"केरेकेरे, आपेनिसा, मावशीला दवाखान्यात न्यायचंय."

"केरेकेरे, मेहुण्या, लग्नाचं डुक्कर आणायचंय. तेलाचं काय ते नंतर बघू."

डुक्कर आलं, सगळ्यांनी खाल्लं. तेलाचं कुणी बघितलं नाही. मला राग यायचा, पण आपेनिसाला नाही यायचा. त्याला नाही म्हणताच येत नव्हतं.

मग मोठं वादळ आलं. आपेनिसाच्या डोंगरावरच्या मळ्यात यांगोनाची झाडं होती. त्यांची मुळं कुटून, पाण्यात कालवून आमच्याकडे पितात, विकतात, आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी ती पुढे ठेवतात. त्या मळ्यावरच माझे हप्ते चालायचे. वादळानं मळा झोपवला, हप्ते थांबले. हप्ते घेणाऱ्या कंपनीचा निरोप आला की सुवाला येऊन भेट.

आपेनिसा मलाच घेऊन गेला. इस्त्रीचा सुलू, म्हणजे आमच्याकडची लुंगी, नेसला होता आणि काखेत यांगोनाच्या मुळांची जुडी होती, मळ्यात वाचलेली सगळ्यात चांगली मुळं. आमच्यात चूक झाली की माणूस मुळं घेऊन जातो, खाली बसतो, माफी मागतो. समोरच्यानं ती घेतली की माफी मिळाली. त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

थोड्या वेळानं तो धक्क्यावरून धावतच आला. "घेतली गं! दोन्ही हातांनी घेतली कंपनीच्या माणसानं! सुटलो आपण!" असं मलाच सांगत होता, वेड्यासारखा. मग पोरांसाठी पाव आणायला बाजारात गेला.

परत आला तेव्हा मी कंपनीच्या ट्रेलरवर होते.

कंपनीचा माणूस अकुइला बाजूला उभा होता. तोही आमच्यातलाच, बेटावर वाढलेला; आमच्यात अनोळखी माणसालाही मेहुणा म्हणतात. आपेनिसाच्या हातात पावाची पिशवी तशीच राहिली. "तू मुळं घेतलीस की," तो म्हणाला.

"मी घेतली, मेहुण्या," अकुइला म्हणाला. "कंपनीनं नाही घेतली."

संध्याकाळी कंपनीच्या आवारातली माणसं तीच मुळं कुटून, माझ्याच सावलीत बसून प्यायली. अकुइलानं पहिली वाटी घेतली. मुळं घेणं म्हणजे माफी, हे त्याला माहीत होतं, मित्रांनो. हे मी कधी विसरणार नाही.

त्या आवारात माझे फार हाल झाले. पाणी वाहून जायचं तळातलं बूच कुणी काढलं नाही, म्हणून पावसाचं पाणी पोटात साठलं आणि त्यात डास झाले. इंजिन टांगायची मागची फळी, माझ्यातलं तेवढंच लाकूड, आतून कुजायला लागली. एक कुत्री माझ्याखाली व्याली. तीच काय ती सोबत.

मग गिऱ्हाईक येणार असं कळल्यावर अकुइला कामाला लागला. कुजक्या फळीवर लुकण आणि वरून निळा रंग. माझ्या नावावरही तोच रंग फिरवला. बाहेरच्या डब्यातलं ताजं तेल जोडून इंजिन तापवून ठेवलं. माझ्या टाकीतल्या तेलात पावसाचं पाणी शिरलं होतं, ते मात्र टाकीतच.

गिऱ्हाईक म्हणजे सेरुपेपेली आणि त्याची बायको वासिती, आपेनिसाच्या बेटाच्याही पलीकडच्या बेटावरचे. तो समुद्रात बुड्या मारून पोट भरायचा, ती चटया विणायची. तो शांत. ती बाप रे!

"कुणाची होती ही?" तिनं विचारलं.

"कंपनीची, ताई."

"कंपनीच्या आईनं जन्म दिला का हिला? माणसाचं नाव सांग."

"अहो, जुनं सोडा. इंजिन ऐका." त्यानं दोरी ओढली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. वासितीनं झाकणावर हात ठेवला होता. "सुरू व्हायच्या आधीच गरम कसं?"

"ऊन केवढं आहे, ताई."

"ऊन फक्त इंजिनावरच पडतं का रे तुमच्याकडे?"

सेरुपेपेलीनं तिला कोपरानं ढोसलं. "पुरे गं. माणूस चर्चमध्ये गातो, मघाशीच सांगत होता."

"गाणारा खोटं बोलतच नाही, हो ना?"

पण त्यांना होडी हवीच होती. त्यांच्या गावात एकही नव्हती. 'जशी आहे तशी, जिथं आहे तिथं,' असं म्हणत अकुइलानं हात मिळवला आणि मी त्यांची झाले.

सुवा मागे पडल्यावर वासिती माझ्या टोकाशी बसली. आत उमटलेली बोटं तिला सापडली. त्यांवरून हात फिरवत ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "ही आधी असती तर सालोते दवाखान्यात पोचली असती." सालोते त्यांची मुलगी. ताप आला होता. शेजारच्या गावची होडी येईपर्यंत संपलं सगळं. 

आपेनिसाच्या बेटासमोर टाकीतलं पाणी इंजिनात गेलं आणि मी बंद पडले. वासितीनं अकुइलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भरतीनं मला हळूहळू किनाऱ्याकडे ढकललं.

पोरांनी मला निळ्या रंगातही ओळखलं. "उनाइसी आली! आपेनिसानं सोडवून आणली!" असं ओरडत सगळी पाण्यात. मी गेल्यापासून त्यांची शाळा सुटली होती. आपेनिसा घरातून बाहेर आला. तो धावला नाही. त्याला होडीतली दोन अनोळखी माणसं दिसली होती.

सेरुपेपेलीला सगळं कळायला वेळ लागला नाही. गावासाठी आणलेली यांगोनाची मुळं त्यानं काढली, वाळूवर मांडी घातली आणि ती आपेनिसासमोर ठेवली. "आम्हाला माहीत नव्हतं, मेहुण्या. ज्यानं विकली त्यानं नाव झाकलं होतं. आता तू माग. काय हवं ते माग."

 सगळ्यांना कळत होतं. मुळं ठेवून माग म्हटल्यावर आपेनिसानं नुसतं केरेकेरे म्हटलं असतं तरी सेरुपेपेलीला मला इथंच सोडून जावं लागलं असतं. वासितीनं माझा काठ दोन्ही हातांनी धरला. तिची बोटं पांढरी पडली होती. आणि मी? मलाही वाटत होतं, म्हण रे. एकदा तरी तू म्हण.

आपेनिसानं वासितीच्या हातांकडे बघितलं. सालोतेचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण आयुष्यभर सगळ्यांनी त्याच्याकडेच मागितलं होतं, मागितल्यावर समोरच्याचं काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मुळं उचलली. दोन्ही हातांनी.

"तुझी बायको सोडायची नाही हिला. माझी बोटं तोडेल," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. मग तो म्हणाला, "हिच्या मागच्या फळीत पाणी मुरतं. वाळूवर ओढली की बूच काढत जा."

बस. एवढंच मागितलं त्यानं.

त्यानंच टाकी उपसली, इंजिन पुसलं आणि सुरू करून दिलं. निघताना मला ढकलायला त्यानं आत हात घातला. पाच बोटं पाच खुणांवर बरोबर बसली. मग त्यानं हात काढून घेतला.

वासितीनं घरी गेल्यावर शिंपल्यानं खरवडून माझं नाव मोकळं केलं. दर सुवाच्या फेरीत आम्ही त्या बेटासमोरून जायचो, शाळेच्या दिवशी तिथली पोरंही घ्यायचो. आपेनिसा कमरेइतक्या पाण्यात गळ टाकून उभा असायचा. तो हात करायचा नाही, फक्त मी मागून खोल बसलेय का तेवढं बघायचा. मग एका फेरीला तो दिसला नाही. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही. सेरुपेपेलीनं इंजिन बंद केलं आणि आम्ही थोडा वेळ तसेच पाण्यावर थांबलो.

मित्रांनो, कुणी तुमच्यापुढे दोन्ही हातांनी काही धरलं तर नुसतं घेऊन मोकळे होऊ नका. तो बदल्यात काय मागतोय ते आधी ऐका. द्यायचं नसेल तर घेऊ नका, तो रडेल, पण फसणार नाही. आणि कधी वाळूवर एखादी जुनी होडी पावसात दिसली, तर तिचं बूच काढा. कुणाची आहे ते नंतर विचारा.