चित्राला खोकला ऐकू येत नाही

“ताई, भिंतीवरच्या चित्राला खोकला ऐकू येत नाही,” असं पाळणाघरातल्या थोरल्या मावशी मला म्हणाल्या होत्या. नोकरी जायची वेळ आली म्हणून बोलतायत, असं मला वाटलं. बाळाची पिशवी त्यांच्या हातात देऊन मी खाली कामाला निघून गेले.

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात पाळणाघर वरच्या मजल्यावर आहे. मी खाली शिवून आलेले कपडे तपासते, माझा मुलगा वर झोपतो. त्याच्या काही महिने आधी, चित्र आलं त्या दिवशी, वरच्या दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्यांची नजर राखण करते असं लोक मानतात, ते नजरबाबा स्वतः आपलं चित्र घेऊन आले होते. दाराएवढं चित्र, त्यात चेहरा, चेहऱ्यात डोळेच डोळे.

“लेकरांनो, तुम्ही खुशाल डोळे मिटा,” बाबा म्हणाले. “मी मिटत नाही. माझी पापणी लवलेली माझ्या आईनेही पाहिली नाही.” हे सांगताना पापणी चांगली लवत होती, पण बघतो कोण? सगळे चित्राकडे बघत होते. डावीकडे गेलं तरी डोळे मागे, उजवीकडे गेलं तरी मागे. इस्त्रीवाली तर टेबलाखाली वाकली आणि हळूच म्हणाली, “अगं बाई, इथंही आले.”

पंचाईत अशी, की चित्र लागू पडलं. दूध पावडरीचे डबे महिनाअखेरपर्यंत पुरू लागले. ज्याचा कप तोच विसळू लागला. साहेबांनी विचार केला, असा राखणदार फुकट मिळालाय तर दोन बायका कशाला? थोरल्या मावशी घरी गेल्या. धाकट्या मावशी एकट्या उरल्या, आणि दूध गरम करायला त्यांना आतल्या खोलीत जावंच लागे.

अशाच एका दुपारी इस्त्रीवालीच्या मुलीला तापात झटके आले. किती वेळ येत होते, कुणालाच सांगता आलं नाही. चित्र टक्क बघत होतं. पोर वाचली, पण उजव्या हातात आता खुळखुळा ठरत नाही. “नजर होती म्हणून जीव राहिला,” असं बाबांनी कळवलं, आणि इस्त्रीवालीने मान डोलावली. साहेबांनी जोखीम नको म्हणून मुलीला पाळणाघर बंद केलं.

माझी नणंद शाळेत चित्रकला शिकवते. बाबांच्या चित्रात खरंच काही आहे का, हे पाहायला तिने आधी साधे एक जोडी डोळे काढून दिले. ते मी चहाच्या खोलीत साखरेच्या डब्यावर लावले. साखर पुरली. मग तिथं फुलांचं चित्र लावलं, तर डबा खरवडायची पाळी आली. तेव्हा तिला कारखान्यात बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तिने कोळशाने मोठे डोळे काढले.

“हे माझ्या दादाचे,” ती म्हणाली. “नाकावर चष्मा असताना तो घरभर चष्मा शोधतो. या डोळ्यांत शक्ती नाही, याची हमी माझी.”

लोक हसले. मग डावीकडे गेले, उजवीकडे गेले. माझ्या नवऱ्याचे डोळेही मागे येत होते.

नणंदेने समजावलं, की कागद सपाट असतो. बुबुळ मधोमध काढलं की ते समोर बघतं, आणि आपण कुठेही सरकलो तरी ते मधोमधच राहतं. खऱ्या माणसाच्या बाजूला गेलं की त्याचा डोळा वेगळा दिसतो, कागदाचा दिसत नाही. मग पावडर का पुरली, असं कुणीतरी विचारलं. “कुणी बघतंय असं वाटलं की आपला हात आखडतो,” ती म्हणाली. “सगळ्यांचा नाही, आणि कायमचा तर नाहीच. बदललात तुम्ही. चित्राने काहीच पाहिलं नाही. झोपलेल्या बाळाचं त्याने काय राखायचं?”

मला वाटलं, झालं, पटलं. इस्त्रीवाली पुढे आली. कोळसा पुसला जाऊ नये म्हणून तिने कागद कडेनं धरला.

“हे मला द्याल का, ताई? मुलीच्या उशाशी लावते. मी इथं असते तेव्हा घरी कुणी नसतं.”

“अहो, आत्ताच सांगितलं ना, हे बघत नाही,” मी म्हणाले.

“कळलं मला,” ती म्हणाली. “पण मग दुसरं कोण आहे, ते सांगा.”

थोरल्या मावशींना परत घ्या, असा अर्ज आम्ही दिला. साहेब ‘बघतो’ म्हणाले. वर बाबांचं चित्र तसंच आहे, आणि माझा मुलगा त्याखाली झोपतो. दुसरी सोय मलाही नाही. कपडे तपासताना माझा एक कान जिन्याकडे असतो.

चमत्कार मानू नका, एवढंच सांगायला मी लिहायला बसले होते. तेवढ्याने भागत नाही. डोळ्यांचं चित्र बघणाऱ्याला शहाणं करतं, पण उठून कुणाला उचलून घेत नाही. त्याला हात लागतात. तुमच्या शेजारी दुपारी एखादं मूल एकटं असेल, बाहेरून कडी असेल. आज जा. दार वाजवा, हाक मारा. आतून आवाज आला नाही, तर कडी काढून आत बघितल्याशिवाय तिथून हलू नका.