गाठ नेमकी कुठे आहे?

आपल्याला कॅन्सर आहे, ही बातमी द्वारकाबाईंना कबुतरांमुळे कळली.

वारज्यात सातव्या मजल्यावर राहायचं म्हणजे गॅलरी कबुतरांच्या नावावर करून द्यायची. त्यांना बुजवायला द्वारकाबाई जुन्या सीड्या दोऱ्याने टांगत. त्या दुपारी कपाट उपसताना शुभंकरच्या मुंजीची सीडी सापडली, मग लग्नाची आणि तिच्याखाली एक नवी कोरी. तिच्यावर मार्करने लिहिलं होतं : 'द्वारका पोंक्षे, वय ६८, लिव्हर.' सोबत घडी घातलेला स्कॅनचा रिपोर्ट.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला इंग्रजी वाचता येतं, हे घरातले विसरले होते. लिव्हरमध्ये दोन सेंटिमीटरची गाठ, कॅन्सरची. आणि गेला महिनाभर घरात तिचं नाव होतं 'थोडी सूज'.

कॅन्सरचा त्यांना राग आला नाही. तो कुणाला सांगून येत नाही. पोटच्या पोरांना मात्र सांगता येत होतं.

संध्याकाळी हडपसरहून लेक भाग्यश्रीला बोलावून घेतलं. शुभंकर ऑफिसातून आला, तो रिपोर्ट टेबलावर पाहून बूटही न काढता बसला.

"आई, तुला धक्का बसू नये म्हणून..."

"तुझे बाबा गेले तेव्हा बसला होता. त्याआधी तुझा बारावीचा निकाल लागला तेव्हा बसला होता. सवय आहे मला. पुढे बोल."

पुढे असं निघालं, की भाऊ-बहीण वीस दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

"ऑपरेशन करून काढून टाकायची. विषय संपला," शुभंकर म्हणाला.

"या वयात पोट फाडायचं? हल्ली सुई घालून जाळतात. दुसऱ्या दिवशी घरी!"

"जाळलेली परत येते."

"आणि कापलेली येत नाही? तुझ्या सर्जनने लिहून दिलंय?"

दोघं इतक्या हिरिरीने भांडत होते, की गाठ जणू सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत होती. मालकीणबाई समोर बसल्यात, याची दखल कुणी घेतली नाही.

"डॉक्टरांना ही सीडी दाखवलीत?" द्वारकाबाईंनी विचारलं.

दाखवली नव्हती. दोघांनी आपापल्या डॉक्टरांना मोबाईलवर रिपोर्टच्या शेवटच्या पानाचा फोटो दाखवला होता. सीडी घेऊन बाहेर पडलं तर आईला दिसेल, ही भीती.

"शाबास. मला कळू नये म्हणून लपवलीत, ती डॉक्टरांनाही कळली नाही."

दोन्ही डॉक्टर एकाच हॉस्पिटलातले निघाले; दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईंनी स्वतः तिथे फोन लावला आणि दोघे एकाच खोलीत, एकाच वेळी हवेत, असं सांगितलं. असं करत नाहीत, असं उत्तर आलं. द्वारकाबाईंनी फोन ठेवला नाही. पंचवीस मिनिटांनी गुरुवारची वेळ मिळाली.

गुरुवारी दाराशी नर्स म्हणाली, "नातेवाईक आत या. आजी बाहेर बसतील."

"लिव्हर माझं आहे. मी बाहेर बसले तर तेही बाहेर बसेल."

आत सर्जन डॉ. खळदकर होते आणि सुईने गाठ जाळणाऱ्या डॉ. नाजिमा बागवान. खळदकर शुभंकरकडे बघून बोलू लागले. द्वारकाबाईंनी आपली खुर्ची उचलून बरोबर मधे ठेवली.

"एवढ्या लहान गाठीला दोन्ही उपचार चांगले आहेत," खळदकर आता त्यांना म्हणाले. "कापली तर त्याच जागी परत यायची शक्यता कमी. पण ऑपरेशन मोठं, आठवडाभर इथे मुक्काम."

"जाळली तर त्रास कमी, दिवस कमी," नाजिमा म्हणाल्या. "पण एखादी कड शिल्लक राहते, परत जाळावी लागते. आयुष्य कशाने जास्त मिळतं म्हणाल, तर इतक्या छोट्या गाठीत ठाम फरक अजून दिसलेला नाही. आणि काहीही केलं तरी लिव्हरमध्ये दुसरीकडे नवी होऊ शकते. तपासण्या सुटत नाहीत."

"बरं. माझी गाठ नेमकी कुठे आहे?"

शुभंकरने भाग्यश्रीकडे पाहिलं, भाग्यश्रीने शुभंकरकडे. वीस दिवसांच्या भांडणात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

नाजिमांनी सीडी लावली. पडद्यावर काळं-पांढरं लिव्हर वरखाली सरकलं.

"अगदी कडेला, आतड्याला टेकून. इथे जाळताना आतडं भाजायची भीती. ते बाजूला सारायच्या युक्त्या आहेत, पण मी आधी त्या सुचवणार नाही. कडेची आहे, म्हणजे कापायला उलट सोपी."

"दुर्बिणीतून होईल," खळदकर म्हणाले. "जुन्या काविळीने लिव्हर थोडं खरबरीत झालंय, पण छोटा तुकडा गेलेला त्याला झेपेल."

"पण मॅडम," भाग्यश्री रडवेली झाली, "तुम्हीच म्हणालात, सुईने होतं!"

"दोन सेंटिमीटरची गाठ सुईने जाळता येते का, असं तुम्ही विचारलंत. येते. ही येते का, ते आज विचारलं गेलं."

शुभंकरने मांडीवर थाप मारली. "बघ! मी पहिल्यापासून ऑपरेशन म्हणत होतो!"

"आंधळ्याने धोंडा मारला आणि आंबा पडला, म्हणून तो माळी होत नाही!" द्वारकाबाईंचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "गाठ मधोमध असती तर याच तोंडाने मला कापायला दिलं असतंस. आणि भाग्यश्री, तू डोळे पुसू नकोस. तू मला भाजायला निघाली होतीस!"

खळदकरांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"ऑपरेशन करायचं," द्वारकाबाई त्यांना म्हणाल्या. "लवकरात लवकर कधी?"

"पुढच्या महिन्यात घेऊ या का?" शुभंकर पुटपुटला. "ऑफिसात जरा सॉफ्टवेअरचं रिलीज आहे..."

"तुझ्या ऑफिसात असेल. माझी गाठ तिथे नोकरीला नाही."

येता मंगळवार ठरला. खळदकरांनी संमतीचा फॉर्म काढला आणि सवयीने शुभंकरपुढे सरकवला. शुभंकरने खिशातून पेन काढलंदेखील. द्वारकाबाईंनी आधी फॉर्म ओढून घेतला, मग त्याच्या हातातलं पेन.

फॉर्म चार पानी होता. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सगळं. कुणीच जागचं हललं नाही. तिसऱ्या पानावर शुभंकर हळूच म्हणाला, "आई, झालं का?"

द्वारकाबाईंनी पानं उलटी फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.