बागकाम विभाग

“विम्याचं बोल ना, भुपेंद्र,” यादोरावनं पुन्हा टोकलं. भुपेंद्र मात्र मॅनेजरनं मागवलेल्या खाऱ्या काजूंच्या बशीवर तुटून पडला होता.

कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत कपातीच्या वादावरची ही शेवटची बैठक. टेबलाच्या एका अंगाला पाइप कारखान्याचे मॅनेजर, दुसऱ्या अंगाला युनियनचा अध्यक्ष भुपेंद्र आणि कमी केलेल्या माळ्यांच्या वतीनं यादोराव. माळी! उभा जन्म भट्टीपुढं भाजून निघालेल्या माणसाला माळी म्हणायचं म्हणजे थट्टाच झाली.

ती थट्टा घडवली भुपेंद्रनं. कपातीत त्या त्या विभागात शेवटी आलेला आधी जातो, त्यामुळं भट्टीवरच्या जुन्या माणसांना हात लावायची कंपनीची टाप नव्हती. मग गेल्या वर्षी अचानक बागकाम विभाग निघाला. म्हाताऱ्यांना सावलीतलं हलकं काम, पगार तोच. भुपेंद्रनं गेटवर सभा घेऊन त्यांना शाली पांघरवल्या. यादोरावनं बदलीला हसत सही दिली, वर घरी पेढेही नेले. आणि आता कंपनीनं तो अख्खा विभागच बंद केला. विभाग नाही, तर माणसंही नाहीत.

नोकरीचं यादोरावला एवढं दुःख नव्हतं. घरचं धान होतं, पोट भरलं असतं. पण शकुनचं, त्याच्या बायकोचं, डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालायचं. विमा गेला तर तिचं काय, या प्रश्नापुढं त्याची मती चालत नव्हती.

“नुकसानभरपाई देऊ. विमा नाही,” मॅनेजर म्हणाले.

अधिकारी बाईंनी भुपेंद्रकडे पाहिलं. “विम्याची मागणी तुमचीच आहे ना?”

“ते मागनी आमी सोडली, मॅडम.” त्यानं बोटांचं मीठ चाटलं.

यादोराव ताडकन उठला. “सोडली? कोनाले इचारून सोडली बे? माही बायको मरून जाईन!”

“काका, अडून बसलं त भरपाईबी जाईन. समजून घ्या.”

“अन् भट्टीवर माह्या जागी तुहा साळा अमर लागला, थेबी समजून घेऊ का? तूच म्हनला होता, काका, जाळात कायले मरून राहिले.”

“सही त तुमीच केली ना? म्या हात धरला होता का?”

या माणसासाठी यादोरावनं युनियनच्या निवडणुकीत दारोदार मतं मागितली होती. शी! त्या खारट बोटांकडे बघवेना.

बाईंना बरंच बोलायचं होतं असं दिसत होतं. पण मान्यता असलेल्या युनियनची सही झाली की ती सगळ्यांना लागू. ती त्याच बोटांनी झाली.

बाहेर कामगार जमले होते. आत काय सोडलं गेलं याचा त्यांना पत्ता नव्हता. भुपेंद्रच्या गळ्यात हार पडला. पायरीवर उभं राहून त्यानं मूठ उगारली.

“कामगार एकजुटीचा...”

“विजय असो!”

सगळ्यांत मोठा आवाज यादोरावचा होता. सारा जन्म गेटवर ही आरोळी झेलण्यात गेलेला. ती कानावर पडली की हात आपोआप वर जायचा. तसाच तो आजही गेला. त्यानं वर पाहिलं, तर स्वतःची मूठ हवेत.

डाव्या हातानं त्यानं ती खाली ओढली. खिशात फोन वाजू लागला. शकुनच असणार, काय झालं विचारायला. पण घोषणेला उठलेल्या त्या हातानं फोन उचलायची त्याला किळस आली.




त्यानं तो तसाच वाजू दिला.