स्वयंपाकघरामागची बर्फकाठी

"पोरी, तुला कुठे रोवतात तेवढं बघत जा," मला घडवणारे सुतार, ओझबोल्टआजोबा, शेवटचा हात फिरवताना म्हणाले होते. मी ते कानाआड केलं. आपण खरं मोजावं. जागेशी आपल्याला काय करायचंय?

मित्रांनो, मी एक जुनी बर्फ मोजायची काठी आहे. उंची दोन मीटर, अंगावर लाल-पांढरे पट्टे. झेलेनिका डोंगरावर, स्कीच्या उताराच्या मधोमध, सहा हिवाळे मी ताठ उभी होते. रोज सकाळी सातला उताराचे रखवालदार येर्नेईकाका माझ्यावरचा आकडा वाचून रेडिओवाल्यांना कळवायचे. तो ऐकून लोक गाडीवर स्की बांधायचे. केवढा मान!

पण दरीपलीकडे कोझ्याक डोंगर होता, आणि तिथल्या रखवालदार होत्या काकांच्या मेहुणीबाई, विडा. त्यांचा रोज फोन.

"भावजी, आमच्याकडे एक मीटर दहा! उतार तर असा विंचरलाय, नवरीचे केस जणू. तुमच्याकडे गवत दिसतंय म्हणे?"

एके दिवशी काकांनी मला रागाने उपटलं आणि उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरामागे रोवलं. छपरावरून घसरणारा सगळा बर्फ तिथेच साचायचा. चाळीस सेंटीमीटरवरून मी थेट एक मीटर ऐंशीला पोचले! त्यात थोडं फेकलेलं कोबीचं सूपही होतं, पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही फुशारकीत गप्प राहिले.

मग मुलांच्या शर्यतीचा रविवार आला. पाच वर्षांच्या लोव्रोची आई नेझा तीन दिवस दोन्ही डोंगरांना फोन करत होती. बर्फ किती? दाबलेला की भुसभुशीत? वळण अरुंद नाही ना? शेवटी माझ्या एक मीटर ऐंशीवर भरवसा ठेवून ती झेलेनिकाला आली.

आल्याआल्या लोव्रोला घाईची लागली. आडोसा शोधत दोघं स्वयंपाकघरामागे आली, आणि नेझाने मला पाहिलं.

"काका, ही काठी इथे काय करतेय?"

"हवा खातेय."

"आणि उतारावर कोण मोजतं?"

काकांना खोकला आला. नेझाने मला उपटलं आणि केक शिजला का बघायला सुई खुपसावी, तशी दर पाच पावलांवर खुपसत निघाली. पन्नास. चाळीस. तीस. मोठ्या पाइनखालच्या वळणावर माझं टोक टक्कन आपटलं. बारा सेंटीमीटर, आणि खाली धारदार खडक.

"इथून वीस मुलं जाणार आहेत, काका," नेझा म्हणाली. "कुणाचं डोकं फुटलं, तर तेही रेडिओला कळवाल?"

काकांनी मान खाली घातली. मग विडाबाईंना फोन लावला. "विडा, आमचं एक मीटर ऐंशी खोटं आहे. वळणावर बाराच आहे."

"भावजी, आमची काठी कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफेच्या तोंडाशी आहे. ताईला सांगू नका. आलेच मी फावडी घेऊन."

मग सगळे जुंपले. बादल्या, टोपल्या, सुपाचं मोठं पातेलंसुद्धा! स्वयंपाकघरामागचा बर्फ वळणावर गेला. विडाबाई भावजींना टोमणे मारतच फावडं चालवत होत्या. वरून बर्फ दाबणारं यंत्र फिरलं, आणि खडकावर चांगली सत्तरची गादी झाली.

शर्यत तासभर उशिरा सुरू झाली. लोव्रो त्या वळणावरच पालथा पडला, तोंडभर बर्फ घेऊन हसत उठला आणि एकोणिसावा आला. मी मोजली: वीसच्या वीस मुलं खाली पोचली.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना रंग नसला तरी चालेल, पण सोयीच्या जागी उभं करू नका. आमच्यावर विसंबून कुणीतरी आपलं लेकरू पाठवत असतं.

आणि एक काम कराल? आता मी त्या वळणावर रोवलेली आहे, आणि ते लांबून दिसावं म्हणून काकांनी आपली लोकरी टोपी मला घातली आहे. ते स्वतः शर्यत सुरू झाल्यापासून वरच्या टोकाला बोडक्याने उभे राहून, अजूनही घसरत येणाऱ्या मुलांना "हळू, हळू!" म्हणतायत. शरमेने सूप प्यायलाही खाली आले नाहीत. मला पाय नाहीत हो. तुम्हीच जरा वर जाऊन बघून या, त्यांचे कान ठीक आहेत ना?