झाकलेली टाकी

मुलगा गेला आणि घरात सासरे, सून आणि माशांची टाकी एवढंच उरलं. सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. सासऱ्यांची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. आता गुडघे कामातून गेल्याने ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरतच नसत. "जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि माझ्याच इमारतीला लिफ्ट नाही," असं ते पूर्वी आल्यागेल्याला सांगत. हल्ली सांगायला कुणी येत नव्हतं.

टाकी हॉलच्या भिंतीला लागून होती. ताटलीसारखे गोल, निळ्या रेघांचे डिस्कस मासे मुलाने हौसेने पाळलेले, आणि तळाशी पसरलेली हिरवी-तांबूस झाडं सुनेची. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं भांडण याच टाकीवरून झालं होतं. डिस्कसना पाणी चांगलं कोमट लागतं, आणि तिच्या नाजूक झाडांना तेवढी ऊब सोसत नाही. शेवटी माशांना जरा गार आणि झाडांना जरा गरम असं मधलं पाणी ठेवायचं ठरलं. झाडांसाठी तिने कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर आणला. दिवे लावले की त्याची चावी किंचित सोडायची, दिवे मालवले की बंद करायची. "कुणीच खूश नाही, पण सगळे जगतायत. संसार म्हणतात तो हाच," असं तो हसत म्हणायचा.

तो गेल्यावर माशांचं खाणं सासऱ्यांनी अंगावर घेतलं. सून झाडं कातरायची. दोघांचं बोलणंही तेवढ्यापुरतंच.

"मोठा आज नीट खात नाहीये."

"पाणी बदलते संध्याकाळी."

हॉस्पिटलचा विषय मात्र दोघंही काढत नसत. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही उरलेलं नाही, श्वासाचं यंत्र काढायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सही सुनेने केली होती. सासरे बाहेर बाकावर बसून होते.

थंडी सुरू झाल्यावर तिने दुकानातून एक नवं रोप आणून लावलं. थोड्याच दिवसांत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. ते दगडांना अंग घासू लागले. तिने पाळीव माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"रोपाबरोबर आलं असणार," तो म्हणाला. "आजारी मासे वेगळ्या टाकीत काढा, पाणी तापवा, औषध घाला. त्याच टाकीत केलंत तर झाडं हातची जातील."

सासऱ्यांनी ऐकलं नाही. "हलवलं तर दचकून मरतील. त्याने जिथे ठेवलेत तिथेच राहतील. जाऊ देत झाडं, पुन्हा लावता येतात."

"ही नाही येत, बाबा. एवढी वाढायला वर्षं लागली."

"आणि मासे कुणामुळे आजारी पडले?"

औषध घालायला तिने हरकत घेतली नाही, पण पाणी फार तापवायचं नाही म्हणाली. ते "बरं" म्हणाले. ती कामावर गेली की ते हीटर वाढवत. घरी आल्यावर ती गुपचूप कमी करे. हीटरची खूण हललेली दोघांनाही दिसत होती आणि दोघंही न पाहिल्यासारखं करत. अशा हेलकाव्यात ना ठिपके गेले, ना झाडं तगली. पानं आधी काचेसारखी आरपार दिसू लागली, मग हात लावताच विरघळायला लागली.

एका सकाळी बाहेर पडण्यापूर्वी तिने दिवे लावले आणि गॅसची चावी नेहमीपेक्षा बरीच जास्त सोडली. झाडांना जरा बळ मिळेल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. सासरे आतल्या खोलीत होते. त्यांना सांगायला ती थांबली नाही.

ती गेल्यावर सासऱ्यांनी औषधाची बाटली डोळ्यांजवळ धरून वाचली. औषध अंधारात जास्त लागू पडतं, असं तिच्यावर लिहिलं होतं. त्यांनी हीटर वाढवला, दिवे मालवले आणि पलंगावरची जाड चादर टाकीवर टाकली. गॅस हा सुनेचा प्रांत. दिव्याबरोबर तोही बंद होत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. मग खुर्ची ओढून ते टाकीशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू. झोपलेत. सकाळी जरा धडपड ऐकू आली, मग शांत झाले."

तिने पर्स खाली टाकली आणि चादर ओढून काढली. मासे वर तरंगत होते, तोंडं उघडी, पृष्ठभागाला लागलेली. खाली नळीतून बुडबुडे संथपणे निघतच होते. तिने चावी बंद केली. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"काय झालं?" सासरे उठायची धडपड करत म्हणाले.

"हवा मिळाली नाही त्यांना." ती तिथेच जमिनीवर बसली. "मी गॅस वाढवून गेले होते. उजेड असता तर झाडांनी तो थोडा तरी ओढला असता. अंधारात झाडंही पाण्यातलीच हवा घेतात. आणि पाणी तापलेलं."

"दिवे मी बंद केले. हीटरही मीच वाढवला."

"हो."

माशांवरची नजर न काढता ते अगदी सपाट आवाजात म्हणाले, "दुसऱ्यांदा श्वास तोडलास तू."

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तेव्हा मी बाहेर आले होते, बाबा. बाकाशी. तुम्हाला विचारलं, काय करू. तुम्ही म्हणालात, तू ठरव. माझ्याकडे बघितलंही नाहीत."

"मला 'नाही' म्हणता आलं नसतं."

"आणि 'हो'?"

"तेही नाही."

"मग मी एकटीनेच म्हणायचं?"

मासे तिनेच जाळीने काढले. मोठा काढताना सासऱ्यांनी हात पुढे केला, त्याला तळव्यावर घेतलं आणि अंगठ्याने त्याचे ठिपके पुसत राहिले. ते पुसले जात नव्हते.

झाडंही राहिली नाहीत. आठवड्याभरात पाण्याला कुजका वास सुटला. रविवारी तिने बादल्या भरभरून टाकी उपसली. सासरे बाथरूममध्ये स्टुलावर बसून वाळू धूत होते. गुडघे दुखत होते तरी उठले नाहीत. त्या कामात दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं नाही, आणि ते बरंच होतं.

त्यानंतर सासरे जेवणाला नावापुरतेच बसू लागले. रात्री त्यांच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येई, पण तिने दार ठोठावलं की थांबे. शेवटी तिनेच दुसऱ्या गावच्या नणंदेला फोन केला आणि बाबांना तिच्याकडे न्यायला सांगितलं. नणंद गाडी घेऊन आली. दोन माणसांनी सासऱ्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. खाली गाडीशी त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तुझी चूक नव्हती, असं मी म्हणायला हवं," ते म्हणाले. "तेव्हाचंही, आत्ताचंही. मला कळतंय. पण तोंडातून निघत नाही."

"नका म्हणू, बाबा. औषधं वेळेवर घ्या. पोचलात की फोन करा."

पोचल्याचा फोन नणंदेने केला. बाबा थकलेत, झोपलेत, नंतर बोलतील, असं ती म्हणाली. सून "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग सकाळची भांडी पडली होती, ती घासायला घेतली.